मेगाबिट भरपूर, पण पिंग किती?

दुर्गम शाळेला १०० मेगाबिटचं कनेक्शन मिळालं, आता तिथली मुलं शहरातल्यांच्या बरोबरीला आली, अशा धाटणीची बातमी वाचली की मला एकच विचारावंसं वाटतं: पिंग किती, म्हणजे विचारणा जाऊन उत्तर यायला वेळ किती लागतो? मेगाबिटवरून रस्त्याची रुंदी कळते. गाव किती लांब आहे, ते कळत नाही.

समजा, कनेक्शन भूस्थिर उपग्रहावरून आहे. तो ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. एवढं वर जाऊन खाली यायला रेडिओलहरींना सुमारे पाव सेकंद लागतो. म्हणजे विचारणा जाऊन उत्तर यायला अर्धा.

अर्ध्या सेकंदानं काय बिघडतं? सर्व्हर अख्खं पान एकदम ओतत नाही. वाट किती मोकळी आहे हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून टीसीपीच्या, म्हणजे इंटरनेटवर माहिती पाठवायच्या पद्धतीच्या, नियमानुसार तो आधी माहितीचे साधारण दहा तुकडे (पॅकेट), म्हणजे १५ किलोबाइटच्या आसपास, पाठवून पोचेची वाट पाहतो. पोच आली की दुप्पट पाठवतो. १५, ३०, ६०, १२०, २४०, ४८०: सहा फेऱ्यांत ९४५ किलोबाइट. त्याआधी जोडणी करायला आणि सुरक्षेच्या किल्ल्या ठरवायला निदान दोन फेऱ्या. झाल्या आठ. फेरी अर्ध्या सेकंदाची असेल तर चार सेकंद. फायबरवरची २० मिलिसेकंदांची असेल तर ०.१६ सेकंद. मेगाबिट दोन्हीकडे तेवढेच! उपग्रहवाले यावर युक्त्या लढवतात, पण प्रकाशाचा वेग काही त्यांच्या हातात नाही.

पान उशिरा उघडलं तर एक वेळ चालेल. संवादाचं काय? एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला माणसांना साधारण ०.२ सेकंद लागतो. २००९ साली दहा भाषांच्या तुलनेत हेच दिसलं. आता ऑनलाइन वर्गात बाईंनी प्रश्न विचारला. उपग्रहावरच्या मुलीला तो ऐकू येतो पाव सेकंदानं, तिचं उत्तर पोचतं आणखी पाव सेकंदानं. तोवर फायबरवाल्या शाळेतलं कुणीतरी बोलून मोकळं झालेलं असतं. असं रोज झालं की बाईंना वाटतं, पोरगी लाजाळू आहे.

फायबरच्या काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरला जेमतेम ५ मिलिसेकंद. सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रहही जवळ असल्यानं या हिशोबात बसतात.

टॅबलेट वाटले की समता आली, असं मानणाऱ्यांनी उरुग्वेकडे पाहावं. २००७ पासून तिथे सरकारी शाळांतल्या मुलांना लॅपटॉप दिले गेले. पुढच्या अभ्यासात नुसत्या लॅपटॉपमुळे गणित-वाचनात फरक पडलेला दिसला नाही. त्याच देशानं नंतर व्हिडिओवरून दूरचे इंग्रजी शिक्षक वर्गात आणले, सोबतीला वर्गशिक्षक ठेवून. अशा संवादालाच कमी पिंग लागतो.

पिंग मोजायचा तर वर्ग भरलेले असताना मोजावा. चाळीस जणांनी एकदम व्हिडिओ लावले की राउटरमध्ये पॅकेटांची रांग लागते आणि फायबरवरही पिंग उपग्रहासारखा वाढू शकतो. रिकाम्या शाळेत सकाळी सातला मोजलेला आकडा तेवढा अहवालात शोभून दिसतो.