‘टू’ लावू की ‘इंग’? कान मराठीचाच वापरा

‘तो बोलायला थांबला’ आणि ‘तो बोलायचा थांबला’. एका अक्षराचा फरक, ‘ला’ च्या जागी ‘चा’, पण पहिल्या वाक्यात गप्पा आता सुरू होणारेत आणि दुसऱ्यात संपल्यात, आणि हे आपल्याला कोणी शिकवलेलं नाही. इंग्रजीत हाच प्रकार ‘ही स्टॉप्ड टू टॉक’ आणि ‘ही स्टॉप्ड टॉकिंग’ असा येतो आणि तिथे मात्र आपण लगेच याद्या पाठ करायला बसतो, कुठल्या क्रियापदापुढे ‘टू’ आणि कुठल्यापुढे ‘इंग’. याद्या काही लक्षात राहत नाहीत, निदान माझ्या तरी नाही राहिल्या.

मुळात ‘टू’ वाल्या रूपाला इन्फिनिटिव्ह म्हणतात आणि क्रियापदाला ‘इंग’ लावून नाम केलं की जेरंड. आता हा ‘टू’ आला कुठून? ‘टू द स्टेशन’ मधलाच तो, म्हणजे ‘च्याकडे, च्या दिशेने’ वाला. जुन्या इंग्रजीत या ‘टू’ नंतर क्रियापदाचं रूप चक्क चतुर्थीत यायचं. आणि आपलं ‘करायला’? त्यातला ‘ला’ पण चतुर्थीचाच की! म्हणजे दोन्ही भाषांनी एकच युक्ती केलीय, काम अजून पुढे आहे आणि आपण त्याच्याकडे निघालोय. म्हणून वॉन्ट, होप, डिसाइड, प्लॅन, प्रॉमिस या सगळ्यांना ‘टू’ लागतो, कारण ठरवलेली गोष्ट अजून व्हायचीच असते. ‘इंग’ चं उलट, तो पूर्वीपासून नाम बनवणारा प्रत्यय, त्यामुळे कृती म्हणजे जणू समोर ठेवलेली वस्तू, जी चालू आहे किंवा होऊन गेलीय. एंजॉय, फिनिश, अ‍ॅडमिट, डिनाय हे त्याच्याकडे जातात, जे घडलंच नाही ते कबूल कसं करणार?

ड्वाइट बोलिंजर नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने 1968 मध्ये साधारण हेच मांडलं होतं, की ‘टू’ म्हणजे नुसती शक्यता आणि ‘इंग’ म्हणजे प्रत्यक्षात उतरलेली गोष्ट.

खरी मजा रिमेंबर आणि फरगेट मध्ये आहे. ‘आय फरगॉट टू लॉक द डोअर’ म्हणजे दाराला कुलूप लावायला विसरलो, दार उघडंच आहे, पळा. ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’ म्हणजे कुलूप लावल्याचं आठवतंय, निवांत बसा. बघा ना, ‘लावायला’ आणि ‘लावल्याचं’, आपल्याकडे फरक तयारच आहे. ट्राय चं तर अजून भारी. ‘आय ट्राइड टू ओपन द विंडो’ म्हणजे खिडकी उघडायचा प्रयत्न केला, बहुतेक ती अडकली असणार. ‘आय ट्राइड ओपनिंग द विंडो’ म्हणजे उघडून बघितली, उघडली व्यवस्थित, पण उकाडा काही कमी झाला नाही. हे ‘करून बघणं’ आपण दिवसातून पन्नास वेळा म्हणतो आणि परीक्षेत मात्र इथेच मार्क जातात.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर हा नियम गळतो. सजेस्ट आणि पोस्टपोन दोन्ही पुढच्या गोष्टीबद्दल, तरी त्यांना ‘इंग’ च लागतं. मॅनेज मध्ये काम होऊन गेलेलं असतं तरी ‘टू’. आणि मराठी कानही दगा देतो, ‘मला पोहायला आवडतं’ म्हणून ‘आय एंजॉय टू स्विम’ लिहिलंत की चुकलंच (लाइक असेल तर दोन्ही चालतं). तेवढे पाच-सात शब्द पाठ करावेच लागतात, इलाज नाही.

एक चूक मी स्वतः कित्येक वर्षं मेलमध्ये केली, ‘लुक फॉरवर्ड टू मीट यू’. तिथला ‘टू’ इन्फिनिटिव्हचा नाहीच, तो साधा शब्दयोगी ‘टू’ आहे, म्हणून ‘टू मीटिंग यू’. ओळखायचं कसं, तर पुढे एखादं नाम ठेवून बघायचं. ‘लुक फॉरवर्ड टू द ट्रिप’ बसतं ना, मग क्रियापदाला पण ‘इंग’. ‘वॉन्ट टू द ट्रिप’ असं कोणी म्हणत नाही, म्हणून तिथे ‘वॉन्ट टू गो’.

आणि कधी कधी कारण अर्थाचं नसतंच, नुसतं कानाचं असतं. ‘इट स्टार्टेड रेनिंग’ आणि ‘इट स्टार्टेड टू रेन’ दोन्ही बरोबर, पण आत्ता सुरू होतोय म्हणायचं तर ‘इट इज स्टार्टिंग टू रेन’ च म्हणतात, ‘स्टार्टिंग रेनिंग’ नाही, दोन ‘इंग’ शेजारी शेजारी आले की इंग्रजी बोलणाऱ्यालाच कसंतरी होतं.