ॲलिसची चित्रे

ॲलिसची चित्रे : लुईस कॅरल यांच्या ‘ॲलिसेस ॲडव्हेंचर्स इन वंडरलँड’ (१८६५) या अद्‍भुत बालकथेसाठी देशोदेशीच्या चित्रकारांनी काढलेली चित्रे. सशामागे धावत बिळात पडलेल्या मुलीची ही कथा गेली दीडशेहून अधिक वर्षे पुन्हा पुन्हा चितारली जात आहे. नुसत्या लोकप्रियतेने हे घडलेले नाही. या पुस्तकाच्या रचनेतच चित्राला जागा ठेवलेली आहे.

पहिल्याच वाक्यात ॲलिस बहिणीच्या पुस्तकात डोकावते आणि ज्यात चित्रे नाहीत, संवाद नाहीत, त्या पुस्तकाचा उपयोग काय, असे मनाशी म्हणते. पुढे ग्रिफॉन हा प्राणी येतो, तेव्हा तो कसा असतो हे ठाऊक नसेल तर चित्र पाहा, असे लेखक सरळ सांगून मोकळा होतो. न्यायसभेत राजाने केसांच्या टोपावर मुकुट कसा चढवला, याचे उत्तरही पुस्तकाच्या आरंभीच्या चित्रातच शोधायचे. खुद्द ॲलिसच्या रूपाबद्दल मजकूर जवळजवळ मुका आहे. तिचे केस कुरळे नाहीत, एवढे तिच्या बोलण्यावरून कळते. म्हणून ही कथा हाती घेणाऱ्या प्रत्येक चित्रकाराला लेखकाने अर्धवट सोडलेले वाक्य पुरे करावे लागते.

पहिला चित्रकार स्वतः कॅरलच. त्यांचे खरे नाव चार्ल्स लटविज डॉजसन. ते ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात गणित शिकवत. ४ जुलै १८६२ रोजी नावेतून जाताना कॉलेजच्या डीनची मुलगी ॲलिस लिडेल आणि तिच्या बहिणींना त्यांनी ही गोष्ट सांगितली. पुढे ती स्वहस्ते लिहून, तीत ३७ चित्रे काढून, १८६४ च्या नोव्हेंबरात त्यांनी ते हस्तलिखित ॲलिसला भेट दिले. आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यातली रेषा शिकलेल्या हाताची नाही, पण वाढता वाढता खोलीत कोंबली गेलेली ॲलिस पानाच्या चौकटीत अशी दाटीवाटीने बसवली आहे की पाहणाऱ्याचाही श्वास अडावा. अनेक निष्णात चित्रकारांना ही घुसमट साधलेली नाही.

छापील पुस्तकासाठी कॅरल ‘पंच’ या साप्ताहिकाचे व्यंगचित्रकार जॉन टेनिएल यांच्याकडे गेले. टेनिएल यांनी ४२ चित्रे काढली, आणि १८७१ च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या भागासाठी आणखी ५०. ती लाकडावर कोरली डॅल्झील बंधूंच्या कारखान्यात. बॉक्सवुड या कठीण लाकडाच्या आडव्या छेदावर चित्र उलटे उतरवायचे आणि रेषा सोडून बाकीचे लाकूड कोरून काढायचे, अशी ती पद्धत. गोव्यातल्या वाचकाला ती समजायला वेळ लागू नये. आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवरची कावी कला कोरून काढण्याचीच आहे. तिथे पांढऱ्या चुन्यावर तांबड्या कावेचा थर देतात, तो ओला असतानाच टोकदार अवजाराने खरवडतात आणि आतला पांढरा उघडा पडतो. दोन्हीकडे चित्र उरते ते काढून टाकल्यानंतर. चूक दुरुस्त करायची सोय दोन्हीकडे फारशी नाही.

१८६५ मध्ये छापलेल्या पहिल्या २,००० प्रतींतली छपाई टेनिएलना पसंत पडली नाही. कॅरलनी ती आवृत्ती मागे घेतली आणि पुस्तक नव्याने छापून घेतले. मूळ ठोकळे झिजू नयेत म्हणून छपाईसाठी त्यांच्या धातूच्या प्रतिकृती वापरल्या जात. ते ठोकळे १९८५ मध्ये लंडनमधल्या एका बँकेच्या तिजोरीत सापडले.

टेनिएल यांच्या चित्रांचे खरे मर्म पाहायचे तर पहिल्या आवृत्तीची मांडणी पाहावी. झाडावर बसलेले चेशायर मांजर एका पानावर पुरे दिसते. ते पान उलटले की पुढच्या पानावर त्याच जागी तीच फांदी, आणि मांजर विरत चाललेले, हसू मात्र शिल्लक. पान उलटणाऱ्या बोटांनीच मांजर नाहीसे केले! नंतरच्या कित्येक आवृत्त्यांत चित्रे सोयीप्रमाणे इकडेतिकडे हलवली गेली आणि ही गंमत हरवली. ही चित्रे नुसती सुटी सुटी पाहणाऱ्याला ती कधीच कळणार नाही.

ही कथा मराठीत सांगताना चित्रांचा आणखी एक उपयोग ध्यानात येतो. बागेतले माळी म्हणजे इस्पिकची दुर्री, पंजी आणि सत्ती. इंग्रजीत इस्पिकला जो शब्द आहे त्याचाच अर्थ कुदळ-फावडे असाही होतो, म्हणून इस्पिक माळी. किलवरच्या शब्दाचा अर्थ सोटा, म्हणून किलवर शिपाई. मराठीत हा श्लेष जागच्या जागी मरतो. मग पत्त्याच्या पानाला हातपाय फुटलेले, हाती कुंचला घेऊन पांढरे गुलाब तांबडे रंगवणारे माळी मुलांसमोर धरावे लागतात, आणि काम होते. रडव्या नकली कासवाचेही तसेच. त्याला टेनिएल यांनी वासराचे डोके, मागचे खूर आणि शेपूट दिली, कारण त्या नावाचे इंग्रजी सूप वासराच्या डोक्यापासून करत. कासवाला खूर कशाला, असे मूल विचारते, आणि तिथून सांगणाऱ्याला आयती वाट मिळते.

ब्रिटनमध्ये १९०७ साली पुस्तकाचा स्वामित्वहक्क संपला आणि त्याच वर्षी नव्या सचित्र आवृत्त्यांची रीघ लागली. आर्थर रॅकहॅम यांची आवृत्ती त्यांत सर्वांत टिकाऊ ठरली. मातकट, धुकट रंग, गाठाळलेली झाडे आणि टेनिएलपेक्षा मोठी, विचारात पडलेली ॲलिस. ॲलिसच्या फ्रॉकच्या रंगाची कहाणी थोडक्यात अशी : १८९० च्या शिशुआवृत्तीत तो पिवळा होता. निळा रंग पुढे रुळला आणि १९५१ च्या डिस्ने चित्रपटाने तो कायमचा केला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्रकार टेनिएलच्या सावलीतून धिटाईने बाहेर पडले. फिनलंडच्या तूवे यान्सन यांनी १९६६ च्या स्वीडिश आवृत्तीत ॲलिसला उत्तरेच्या निसर्गात नेले. राल्फ स्टेडमन (१९६७) यांचा ससा गाडी चुकेल या धास्तीने पळणारा चाकरमानी आहे. साल्वादोर दाली यांच्या १९६९ च्या चित्रांत ॲलिस म्हणजे दोरीवर उड्या मारणारी एक लहानशी आकृती. रंगांच्या पुरात ती प्रत्येक पानावर शोधावी लागते, आणि चहापानाच्या मेजाच्या जागी तिथे वितळते घड्याळ आहे. स्लोव्हाकियाचे दुशान काल्लाय यांना त्यांच्या ॲलिससाठी १९८३ मध्ये ब्रातिस्लाव्हाच्या द्वैवार्षिक प्रदर्शनाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. जपानच्या यायोई कुसामा (२०१२) यांनी मजकुराभोवती आपले ठिपके पसरले.

अमेरिकेच्या बॅरी मोझर यांचे काष्ठकोरीव (१९८२) मात्र निराळ्याच तोडीचे. अद्‍भुत देशात शिरल्यावर ॲलिस चित्रांत जवळजवळ दिसतच नाही, कारण सारे तिच्या डोळ्यांतून पाहिलेले आहे. तिच्या रूपाबद्दल लेखकाने पाळलेल्या मौनाचा इतका नेमका अर्थ दुसऱ्या कोणी लावलेला दिसत नाही.

ऑस्ट्रेलियात पित्यान्त्यात्यारा या आदिवासी भाषेत १९७५ साली झालेले रूपांतर हे सर्वांत धाडसी. तिथे ॲलिसची ‘अलित्यी’ ही आदिवासी मुलगी झाली आणि सशाच्या जागी पांढरा कांगारू आला. कथा परमुलखात रुजवायची तर चित्रालाही तिथली माती लागते, ते या आवृत्तीत दिसते.

गोव्यातल्या चित्रकाराने ही कथा हाती घेतली, तर त्याच्याजवळ सामग्री तयार आहे. लोटलीचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा (१९२६–२०११) यांच्यामुळे गर्दीने भरलेली काळी रेषा वाचायची सवय इथल्या डोळ्यांना आहे. त्यांच्या चित्रांतल्या बल्कांवावर, म्हणजे घरापुढच्या बैठकीच्या ओसरीवर, वेड्यांचे चहापान सहज भरू शकेल. ग्रिफॉनला देवळांच्या कोरीवकामातला व्याल हा काल्पनिक प्राणी जवळचा. अडचण येईल ती पत्त्यांत. सीमेपलीकडे सावंतवाडीला हाताने रंगवली जाणारी गंजिफा, म्हणजे गोल पत्त्यांचा संच, या कथेला शोभून दिसेल, पण दशावतारी गंजिफाच्या १२० पानांत प्रत्येक अवताराचा राजा आहे, प्रधान आहे, एक ते दहा पाने आहेत. राणी एकही नाही. डोकी उडवा म्हणून ओरडणारी बदामची राणी त्या चित्रकाराला कोऱ्या पानावर स्वतःच काढावी लागेल.