'पॉड'ची पूर्वपीठिका

कुबरनेटिस या, अनेक यंत्रांवर कंटेनर (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे सारे एकत्र बांधून वेगळे चालवलेले पुडके) चालवणाऱ्या व्यवस्थेत तैनातीचे सर्वांत लहान एकक कंटेनर नसून पॉड असते. पॉड म्हणजे एकाच यंत्रावर एकत्र चालणारा एक किंवा अधिक कंटेनरांचा गट. नवशिक्यांना ही पायरी अनावश्यक वाटते, परंतु तिचे मूळ डॉकर या कंटेनर बांधण्या-चालवण्याच्या साधनाच्याही आधीचे आहे.

यंत्रांवर कामे वाटून चालवणाऱ्या, गूगलच्या अंतर्गत 'बोर्ग' या व्यवस्थेत 'अ‍ॅलॉक' नावाची सोय होती. तीत एका यंत्रावरील संसाधनांचा ठरावीक वाटा राखून ठेवून त्यात परस्परांवर अवलंबून असलेली कामे शेजारी शेजारी चालवत. वेब सर्व्हर आपल्या नोंदी स्थानिक डिस्कवर लिही आणि त्याच्या सोबतीचे दुसरे काम त्या उचलून वितरित फाइल प्रणालीत नेई. त्यामुळे असे साहाय्यक प्रोग्रॅम वेगळ्या चमूंना स्वतंत्रपणे लिहिता येत. बोर्गमध्ये एक उणीवही होती: यंत्रावरील सर्व कामांचा आयपी पत्ता एकच असल्याने पोर्टची (एका पत्त्यावरील क्रमांकित जोडणी-बिंदूंची) वाटणी सांभाळावी लागे.

२०१३ मध्ये डॉकरने इमेज, म्हणजे कंटेनर ज्यावरून सुरू होतो तो साचा, बांधणे सोपे केले आणि एका कंटेनरात एकच काम ठेवण्याचा प्रघात रुळला. साहजिकच, सोबत राहणे भाग असलेल्या कंटेनरांना बांधून ठेवणारे काहीतरी हवे होते. जून २०१४ मध्ये जाहीर झालेल्या कुबरनेटिसने अ‍ॅलॉकची कल्पना पॉडच्या रूपाने पुढे आणली आणि प्रत्येक पॉडला स्वतःचा आयपी पत्ता दिला; पॉडमधील कंटेनर मात्र तो पत्ता वाटून घेतात व 'लोकलहोस्ट'वरून (स्वतःकडेच निर्देश करणाऱ्या पत्त्यावरून) बोलतात. देवमाशांच्या कळपालाही इंग्रजीत पॉड म्हणतात आणि डॉकरच्या बोधचिन्हात देवमासा आहे, हा योग नाव ठेवणाऱ्यांच्या ध्यानात नसेल असे वाटत नाही.

सुटा पॉड नोडबरोबर, म्हणजे तो ज्या यंत्रावर चालतो त्याच्याबरोबर, नष्ट होतो, म्हणून त्याच्या प्रतींची संख्या राखणारा रेप्लिकेशन कंट्रोलर आरंभापासून होता. नवी आवृत्ती टप्प्याटप्प्याने आणण्याचे काम मात्र वापरकर्त्याच्या संगणकावरील आज्ञेवर विसंबून होते. मध्येच संपर्क तुटला तर बदल अर्धवट राही. १.२ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, डिप्लॉयमेंट या कुबरनेटिसच्या घटकाने ही जबाबदारी क्लस्टरकडे, म्हणजे यंत्रांच्या समूहाकडेच, सोपवली, आणि माझ्या मते पॉडखालोखाल हाच सर्वांत मोलाचा बदल ठरला.

गटातील कंटेनरांच्या क्रमाचा प्रश्न त्यामानाने फार रेंगाळला. मुख्य काम संपले तरी साहाय्यक कंटेनर चालूच राही आणि 'जॉब' (एकदा चालून संपणारे काम) कधी पूर्ण होत नसे. त्यावर अंगभूत साइडकारचा (मुख्य कंटेनरच्या सोबतीने चालणाऱ्या साहाय्यक कंटेनरचा) उपाय २०२३ मध्ये १.२८ आवृत्तीत प्रायोगिक स्वरूपात आला. २०२५ मध्ये १.३३ आवृत्तीत तो स्थिर झाला.