होकार कुणाचा? संमतीच्या कायद्यामागचा इतिहास, बेळगाव सीमाभागातून

बाईवरच्या लैंगिक अत्याचाराला मराठीत आपण जी नावं देतो, ती एकदा शेजारी शेजारी मांडून बघा. बलात्कारात 'बळ' आहे. विनयभंगात 'विनय' आहे. 'अब्रू गेली' म्हणतो, त्यात घराण्याची अब्रू आहे. तिची मर्जी एकाही शब्दात नाही. मर्जीचा विषय निघालाच तर 'मौनं संमतिलक्षणम्' हाताशी असतंच. बघायच्या कार्यक्रमात मुलगी मान खाली घालून बसली की ती राजी आहे, हे पाहुणेच ठरवून टाकतात. खानापुरात तसं, निपाणीतही तसंच.

बेळगाव १९५६ पर्यंत मुंबईकडे होतं, त्यामुळे मुंबई-पुण्यात या विषयावर झालेले वाद आपलेही आहेत. १८६० च्या दंडसंहितेत 'संमती' हा शब्द होता, पण दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलीची संमतीही ग्राह्य होती. लग्न झालेलं असेल तर त्या वयानंतर तिच्या इच्छेचा प्रश्नच उरत नव्हता. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला नकार दिला. ज्या वयात लग्न लागलं त्या वयात मला होकार देताच येत नव्हता, हे त्यांचं म्हणणं. १८८७ मध्ये मुंबईच्या न्यायालयानं नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असं बजावलं, तेव्हा त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. माझ्या मते संमतीची गोष्ट आपल्याकडे इथून सुरू होते. पुढं कलकत्त्यात फुलमणी नावाची बालवधू नवऱ्याच्या जबरदस्तीनं दगावली आणि १८९१ मध्ये संमतीवयाचा कायदा होऊन ते वय बारा झालं. टिळक विरोधात होते, आगरकर बाजूनं. सारा वाद रंगला तो सरकारनं धर्मात हात घालावा की नाही यावर. मुलीला काय हवं, हे विचारणारे थोडेच होते.

आपल्या भागात मात्र होकार बापाच्या आणि नवऱ्याच्याही पलीकडे गेला होता: तो देवीच्या नावावर होता. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडल्या जात. केसात जट निघाली, घरात आजारपण आलं, मुलगा होत नाही, एवढं कारण पुरे व्हायचं. गळ्यात मणी बांधले की ती जोगतीण, म्हणजे देवदासी. वयात आल्यावर तिचा देह कुणाकडे जाणार हे घरचे आणि गावातले पैसेवाले ठरवायचे, आणि याला अत्याचार म्हणायचं कुणाच्या मनातही येत नसे, कारण 'देवीची इच्छा' होती. सोडलेल्या मुली बहुतेक दलित घरातल्या, हेही इथं सांगितलंच पाहिजे. मुंबई इलाख्यानं १९३४ मध्ये देवदासी संरक्षण कायदा केला, तरी प्रथा चालू राहिली. सत्तरच्या दशकात गडहिंग्लज-निपाणी पट्ट्यात देवदासींच्या प्रश्नावर चळवळ उभी राहिली. कर्नाटकाचा बंदी कायदा १९८२ चा. त्यातलं एक वाक्य मला फार मोलाचं वाटतं: तिनं संमती दिलेली असो वा नसो, देवाला सोडणं बेकायदेशीरच. उपाशी घरातल्या पोरीनं देवीच्या भीतीनं मान डोलावली, तर ते डोलावणं होकार नव्हे, हे कायद्यानं ओळखलं. आईबापांनीच सोडलं असेल तर त्या कायद्यात शिक्षा पाच वर्षांपर्यंत होती.

सर्वसाधारण कायद्याला ही समज यायला वेळ लागला. १९७२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. मुलीचं नाव मथुरा, म्हणून तो मथुरा खटला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं म्हटलं, भीतीनं गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला: अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही. त्यावर उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि देशभर बायका रस्त्यावर आल्या. १९८३ च्या दुरुस्तीनं कोठडीतल्या अत्याचारात 'माझी संमती नव्हती' हा तिचा शब्द आधी खरा धरायचा, असं ठरलं. तिच्या चारित्र्यावर बोट ठेवायची मुभा देणारं पुराव्याच्या कायद्यातलं कलम तर २००२ पर्यंत टिकलं होतं.

डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या सामूहिक बलात्कारानंतर न्या. वर्मा समितीनं २९ दिवसांत अहवाल दिला आणि २०१३ मध्ये संमतीची व्याख्या पहिल्यांदा कायद्यात आली. शब्दांनी, खुणेनं, कसंही, पण त्या विशिष्ट कृतीला तिनं स्वेच्छेनं दिलेला स्पष्ट होकार, तीच संमती. झटापट केली नाही एवढ्यावरून ती राजी होती असं मानता येत नाही. मौनाचं जुनं संस्कृत वचन इथं संपलं. १ जुलै २०२४ पासून हीच व्याख्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये आहे. अठराच्या आतल्या मुलामुलींची संमती धरलीच जात नाही.

एक फट अजून आहे, ती नवऱ्याची. पत्नी अठरा वर्षांवरची असेल तर बलात्काराचं कलम त्याला लागत नाही. मार्च २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं एका नवऱ्यावरचा असा आरोप रद्द करायला नकार दिला. पुढं सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली.

आणि अब्रूचा जुना हिशेबही संपलेला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये बेळगाव तालुक्यातल्या एका गावात मुलगा एका मुलीबरोबर निघून गेला म्हणून त्याच्या आईला विवस्त्र करून खांबाला बांधलं. दोघांच्या मर्जीची शिक्षा तिसरीच्या देहाला. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली.

सीमाभागात आणखी एक अडचण येते. माहेर महाराष्ट्रातल्या चंदगडला, सासर कर्नाटकातल्या खानापूरला, घटना कुठं घडली आणि तक्रार कुठं द्यायची? नव्या कायद्यानुसार हद्द कुणाचीही असो, कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवून घ्यावाच लागतो. तिची तक्रार महिला अधिकाऱ्यानं लिहून घ्यायची असते, प्रत फुकट मिळते, आणि दवाखाना सरकारी असो वा खासगी, उपचार मोफत. मराठीत सांगितलेलं कन्नडात लिहिलं जात असेल, तर सही करण्याआधी ते आपल्याला कळेल असं वाचून दाखवायला सांगावं. 'त्यानं हात धरला' आणि 'मी नको म्हणत होते' यांतलं दुसरं वाक्य कागदावर आलं आहे ना, हे तिथंच ऐकून घ्यायचं.