ओझोनस्नेही प्रशीतके

वातानुकूलन व अन्नपदार्थांचे शीतकरण यांसाठी वापरली जाणारी आणि स्थितांबरातील ओझोनाचा ऱ्हास न करणारी किंवा अत्यल्प करणारी द्रव्ये. व्यवहारात त्यांना नुसते ‘गॅस’ म्हणतात. ‘आर’ व अंक हे प्रशीतकाचे ओळखचिन्ह होय. अमोनिया (आर-७१७), प्रोपेन (आर-२९०), आयसोब्युटेन (आर-६००ए) व कार्बन डाय-ऑक्साइड (आर-७४४) ही प्रमुख नैसर्गिक प्रशीतके. एचएफसी (हायड्रोफ्ल्युओरोकार्बन) व एचएफओ (हायड्रोफ्ल्युओरोओलेफिन) ही संश्लेषित.

ज्यांच्या जागी ही प्रशीतके आली त्या क्लोरोफ्ल्युओरोकार्बनांच्या शोधाचे वर्ष काही ग्रंथांत १९२८, तर काहींत १९३० असे आढळते. टॉमस मिजली, अल्बर्ट हेने व रॉबर्ट मॅकनॅरी यांनी हे काम बहुधा १९२८ मध्ये हाती घेतले. १९३० मध्ये मिजलींनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत आर-१२ हा क्लोरोफ्ल्युओरोकार्बन वायू छातीत भरून घेतला व तो सोडून मेणबत्ती विझवून दाखविली. म्हणून पहिले वर्ष संशोधनाचे व दुसरे घोषणेचे मानणे सयुक्तिक ठरते. मात्र या वर्गातील संयुगे बेल्जियन रसायनज्ञ फ्रेदेरिक स्वार्ट्‌स यांनी १८९० च्या दशकातच तयार केली होती. त्यामुळे मिजलींकडे संयुगाच्या नव्हे, तर त्याच्या प्रशीतक म्हणून उपयोगाच्या शोधाचे श्रेय जाते, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

बिनविषारी, न पेटणारी व अतिस्थिर असणे हाच या संयुगांचा गुण आणि तोच त्यांचा दोष. खालच्या वातावरणात ती विघटित होत नाहीत. स्थितांबरात जंबुपार किरणांमुळे त्यांच्यातून क्लोरीन अणू सुटतो व स्वतः न संपता ओझोनाचे हजारो रेणू मोडतो. ही यंत्रणा मारिओ मोलिना व शेरवुड रोलंड यांनी १९७४ मध्ये मांडली. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोन विवर उघड झाले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी ओझोनाचा ऱ्हास करणाऱ्या द्रव्यांवर नियंत्रण आणणारा माँट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला.

‘ओझोनस्नेही’ ही संज्ञा कोणाला लावावी, यावर एकमत नाही. ओझोन-ऱ्हास क्षमता आर-११ या क्लोरोफ्ल्युओरोकार्बनासाठी १ मानतात. त्या तुलनेत जुन्या वातानुकूलकांतील आर-२२ ची सुमारे ०.०५५, तर आर-१३४ए या एचएफसीची शून्य. या निकषावर एचएफसी निर्दोष ठरतात. परंतु आर-१३४ए ची शतवार्षिक जागतिक तापन क्षमता कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट, वातानुकूलकांतील आर-४१०ए ची सुमारे २,०८८ पट, तर आर-३२ ची ६७५ पट आहे. प्रोपेनची अवघी ३ च्या आसपास. ओझोन वाचवून हवा तापविणाऱ्या द्रव्याला स्नेही म्हणणे अपुरे आहे; माँट्रियल कराराच्या २०१६ मधील किगाली दुरुस्तीनेही एचएफसी कमी करण्याचे बंधन घातले. भारताने ती २०२१ मध्ये स्वीकारली असून येथील कपात २०३२ पासून सुरू होऊन २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांवर जावयाची आहे. आर-२२ चा वापर २०३० पर्यंत जवळजवळ संपावयाचा आहे.

या विकासातील एक महत्त्वाचा टप्पा सातारा जिल्ह्यात घडला. शिरवळ (ता. खंडाळा) येथील गोदरेज कारखान्यात जर्मन सहकार्याने प्रोपेनवर चालणाऱ्या घरगुती वातानुकूलकांची निर्मिती २०१२ च्या सुमारास सुरू झाली. प्रोपेनचा उत्कलनबिंदू (−४२° से.) आर-२२ च्या (−४१° से.) अगदी जवळ असल्याने यंत्ररचना फारशी बदलावी लागत नाही, खनिज तेलाचे वंगणही चालते आणि आर-२२ च्या साधारण निम्मे वजन पुरते. अडचण ज्वलनशीलतेची. हवेत सुमारे २ टक्के प्रोपेन झाले की मिश्रण पेट घेऊ शकते. म्हणून खोलीच्या आकारमानानुसार गॅसचे प्रमाण मर्यादित ठेवतात, ठिणगी पडेल असे विद्युत भाग वेगळे ठेवतात व दुरुस्तीसाठी प्रशिक्षित कारागीर आवश्यक मानतात. आर-२२ च्या जुन्या यंत्रात तसाच प्रोपेन भरणे धोक्याचे आहे. घरगुती फ्रिजमध्ये आयसोब्युटेन शंभर ग्रॅमहून कमी लागत असल्याने हा प्रश्न सौम्य होतो.

सांगली जिल्ह्यात अमोनिया मागे पडलाच नाही. तासगाव-सांगली परिसरातील बेदाण्याची शीतगृहे व दूध शीतकरण केंद्रे यांत तो रुळलेला आहे. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तयार होणाऱ्या बेदाण्याचा रंग सौद्यापर्यंत टिकावा म्हणून तो सुमारे ४ ते ५° से. तापमानात ठेवतात. अमोनियाच्या ओझोन-ऱ्हास व जागतिक तापन या दोन्ही क्षमता शून्य असून बाष्पीभवनाची सुप्त उष्णता (सुमारे १,३७० किलोज्यूल प्रतिकिलोग्रॅम) आर-२२ च्या जवळजवळ सहापट आहे. तो तांबे खातो, त्यामुळे नळ्या पोलादी लागतात. तो विषारी आहे. पण उग्र वासामुळे गळती लगेच कळते.

कार्बन डाय-ऑक्साइडचे क्रांतिक तापमान (ज्याच्या वर वायू कितीही दाबला तरी द्रवरूप होत नाही ते) ३१° से. आहे. सांगलीच्या उन्हाळ्यात पारा त्याच्या बराच वर जातो, तेव्हा बाहेरच्या हवेवर थंड होणाऱ्या यंत्रात तो द्रवरूप होत नाही व सुमारे ९० ते १०० बार दाब पेलणारी उपकरणे लागतात; त्यापेक्षा वरच्या टप्प्यात अमोनिया व खालच्या टप्प्यात कार्बन डाय-ऑक्साइड अशी जोडरचना अतिशीत साठ्यांसाठी सोयीची ठरते.