सिनेमा नोव्हेंबरात, मग आता काय बघताय?

२०१८ साली चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, १३ सप्टेंबरला आली. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या घरी माटोळी (गणपतीच्या वर बांधतात ती फळाफुलांची चौकट) बांधून झाली होती, भटजींची वाट होती, आणि मुंबई-पुण्याहून आलेली चुलतभावंडं सोप्यावर एका फोनभोवती डोकी जुळवून बसली होती. त्या सकाळी '२.०'चा टीझर आला होता. दिग्दर्शक शंकर यांचा 'एंधिरन' २०१० साली आला, आपल्याकडे तो हिंदीत 'रोबोट' म्हणून लागला, आणि त्याचा पुढचा भाग, म्हणजे हा '२.०', यायला आठ वर्षं गेली. जेमतेम दीड मिनिटाचा तुकडा. लोकांच्या हातातले मोबाइल सुटून आकाशात उडतात, सगळे हतबल होतात आणि मग कुणीतरी म्हणतं, चिट्टीला (पहिल्या भागातल्या रजनीकांतच्या रोबोला) परत आणा. एवढ्यावर पोरांनी असा गलका केला की देवघरातून काका बाहेर आले.

"सिनेमा केन्ना?" त्यांनी विचारलं.

"नोव्हेंबरात."

"मगीर आतां कितें पळयतात?"

प्रश्न चोख होता. तेव्हा कुणी उत्तर दिलं नाही, कारण टीझर दुसऱ्यांदा सुरू झाला होता.

ट्रेलर या शब्दाचा मूळ अर्थ मागून ओढत येणारा. न्यूयॉर्कमध्ये १९१३ साली मार्कस लो यांच्या थिएटरांचं जाहिरातकाम पाहणाऱ्या निल्स ग्रॅनलंड यांनी एका येऊ घातलेल्या संगीत नाटकाच्या तालमीची छोटी फिल्म तयार करून दाखवली. अशा फिल्मा सुरुवातीला मुख्य चित्रपट संपल्यावर लावत, म्हणून हे नाव. चित्रपट संपला की लोक उठून जातात हे लक्षात आल्यावर ट्रेलर पुढे सरकला, नाव मात्र शेपटीचंच राहिलं. त्याच १९१३ सालात मुंबईत दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यांच्या जाहिरातीत सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र आणि दर फक्त तीन आणे, असा हिशेब मांडलेला होता. गोष्टीबद्दल अवाक्षर नाही! हरिश्चंद्राची गोष्ट कुणाला माहीत नव्हती? लोकांना उत्सुक करायचं होतं ते चित्र हलतं या चमत्काराबद्दल. विज्ञानपटाचे टीझर आजही बरेचसे याच वळणावर जातात.

आमच्याकडे सिनेमाच्या आधी जत्रेचं नाटक होतं, आणि नाटकाच्या आधी तालीम. देवळाच्या मंडपात महिनाभर तालमी चालत. भिंतीबाहेर उभं राहून अर्धा गाव संवाद पाठ करी. कोण कुठे अडखळतो, यंदा स्त्रीपार्ट कुणाकडे, पेटीवर कोण, सगळं जत्रेच्या आधीच ठाऊक. नाटकही बहुतेक वेळा पूर्वी झालेलंच असे. तरी त्या रात्री जागा धरायला लोक संध्याकाळपासून चटया टाकत. संगीत नाटकात तर पद तोंडपाठ असलेला माणूसच पहिल्या रांगेत. त्याला नवं काही ऐकायचंच नसे. ठरलेली जागा, म्हणजे पदातलं ते सुरांचं वळण, गायक यंदाही तसंच घेतो का, एवढंच तो कान लावून पाही. घेतली की 'वन्स मोअर'. दीनानाथ मंगेशकरांच्या मंगेशीपासून आमचं घर काही फार लांब नाही, त्यामुळे हा रोग आमच्या भागात जरा जास्तच असावा. फोनवर टीझर अकराव्यांदा लावणारा पोरगा मला त्या पहिल्या रांगेतल्या माणसाचा नातू वाटतो.

त्यानंतर एकपडदा थिएटरांचा काळ आला. पणजीत अशोक-सम्राट आणि नॅशनल, म्हापशात अलंकार, मडगावात विशांत आणि लता. थिएटरच्या दर्शनी भागात काचेची पेटी असे, तिच्यात पुढच्या सिनेमाचे आठ-दहा फोटो टाचण्यांनी लावलेले. तिकीट न काढता बघता येणारी गोष्ट तेवढीच. बस चुकली की मी तिथे उभा राहून त्या फोटोंची गोष्ट मनात जुळवत असे, आणि खरा सिनेमा हमखास त्याहून फिका निघे. इंग्रजी सिनेमे आमच्यापर्यंत इतके उशिरा पोचत की वाट पाहणं म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

टीझरलाच मुख्य कार्यक्रम मानायची पद्धत नेमकी कधी पडली, याला एक तारीख सांगता येते. १७ नोव्हेंबर १९९८. त्या दिवशी अमेरिकेतल्या पंचाहत्तर थिएटरांत 'स्टार वॉर्स'च्या नव्या भागाचा ट्रेलर दाखवला गेला. आधीचा भाग १९८३चा. माणसं पूर्ण तिकीट काढून आत गेली, दोन मिनिटं पाहून टाळ्या वाजवल्या आणि मुख्य चित्रपट सुरू होताना बाहेर पडली. पुढच्या वर्षी तो चित्रपट आल्यावर निराश झालेले कित्येक जण तो ट्रेलर मात्र अजून मनापासून आठवतात. मला यात काही विसंगत वाटत नाही. ट्रेलरमध्ये त्यांनी आपला पंधरा वर्षांपूर्वीचा सिनेमा पाहिला होता, नव्याशी गाठ पुढे पडली.

विज्ञानपटांच्या पुढच्या भागांना इतकी वर्षं का लागतात? पैसा आणि हक्कांचे तंटे सगळीकडेच असतात, पण इथे यंत्रांचीही अडचण असते. डोळ्यांपुढे असलेलं चित्र त्या काळच्या संगणकांना झेपत नाही. 'ट्रॉन' १९८२ साली आला, पुढचा भाग २०१० साली. मधे २००८च्या जुलैत सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉन या चाहत्यांच्या मेळाव्यात अचानक एक नमुना-फिल्म दाखवली गेली. चित्रपटाला पुरती मंजुरी मिळायच्या आधी. सभागृह डोक्यावर घेतलं गेलं आणि गाडी पुढे सरकली. म्हणजे इथे टीझर सिनेमाच्या आधी जन्मला. १९८२चाच 'ब्लेड रनर', त्याचा दुसरा भाग पस्तीस वर्षांनी, २०१७ साली आला. त्याचा पहिला टीझर डिसेंबर २०१६चा, आणि त्यात सगळ्यांनी शोधला तो एकच चेहरा, पहिल्या भागाचा नायक, म्हातारा झालेला हॅरिसन फोर्ड. जुन्या 'स्टार वॉर्स'मध्येही असलेल्या याच फोर्डनं त्याआधी एप्रिल २०१५मध्ये नव्या 'स्टार वॉर्स'च्या टीझरच्या अगदी शेवटी येऊन अनाहाइमचं सभागृह हलवून सोडलं होतं. नवी नायिका, नवे खलनायक, नवी यानं सगळं आधी दाखवून झालं होतं. लोक रडले ते शेवटच्या काही सेकंदांना. टीझर कापणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. नव्या मालात जुनी एक खूण ठेवायची, आणि ती शेवटी ठेवायची. घेतली जागा, मिळाला वन्स मोअर.

'अवतार'नं मात्र उलटी वाट धरली. पहिला भाग २००९चा, दुसरा आधी २०१४साठी जाहीर झालेला, तारखा सरकत सरकत डिसेंबर २०२२वर आला. अभिनेत्यांच्या हालचाली खऱ्या पाण्याखाली टिपायच्या होत्या, त्याचं तंत्रच नव्यानं बसवावं लागलं. मे २०२२मध्ये टीझर आला, त्यात बोलणं जवळजवळ नाहीच, नुसतं पाणी. पहिल्या चोवीस तासांत तो १४ कोटी ८६ लाख वेळा पाहिला गेल्याचं कंपनीनं सांगितलं. असले आकडे मी मीठ लावूनच घेतो, कारण एकटा माझा भाचाच त्यातला मोठा वाटा उचलतो. समुद्राला पाठ टेकून वाढलेली आमची गोव्यातली पोरं फोनवरच्या समुद्राकडे तोंडं वासून बघत होती, ही गंमत वेगळीच.

परत चवथीच्या सोप्यावर. '२.०'च्या बाबतीत वाट पाहणं फारच ताणलं गेलं होतं. नोव्हेंबर २०१६मध्ये मुंबईत मोठा समारंभ करून पहिली झलक दाखवली, तारीख २०१७ची दिवाळी सांगितली. मग ती २०१८चा जानेवारी झाली, मग एप्रिल, मग काहीच नाही. दृश्यपरिणामांचं काम संपत नव्हतं. त्यामुळे टीझर आला तेव्हा आनंद होता तसा संशयही होता. आमच्यातच दोन तट पडले. पुण्याचा चुलतभाऊ म्हणाला, मोबाइलांचा तो पक्षी कार्टूनसारखा दिसतो. मुंबईची बहीण म्हणाली, रजनीचा गॉगल बघ आणि गप्प बस. मूळचा शिवाजीराव गायकवाड, घरची भाषा मराठी, हे आम्हा लोकांना दर वेळी नव्यानं सांगावंसं वाटतं, तेही झालं. मग आरतीचं घुमट (मातीचं तालवाद्य) वाजायला लागलं आणि फोन खिशात गेला. पुढच्याच वर्षी, २०१९मध्ये, इफ्फीच्या, म्हणजे गोव्यात भरणाऱ्या भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, पन्नासाव्या आवृत्तीत रजनीकांतना सुवर्णमहोत्सवाचा विशेष सन्मान देण्यात आला. ताळगावच्या स्टेडियमवरच्या त्या समारंभाची दृश्यं टीव्हीवर पाहताना ती बहीण पुण्याच्या भावाला फोन लावून बसली होती.

'२.०' अखेर २९ नोव्हेंबर २०१८ला लागला. आदल्याच दिवशी पणजीत त्या सालचा इफ्फी संपला होता. चवथीला तो प्रश्न विचारणारे काका पहिल्या रविवारी आपणहून तयार होऊन बसले. टीझर त्यांनी पाहिलेलाच नव्हता, त्यामुळे त्यांना सगळंच नवं. थ्री-डी चष्मा आपल्या चष्म्यावर चढवून ते अडीच तास हलले नाहीत. शेवटी नावं सरकू लागली, दिवे लागले, लोक उठले, आम्हीही उठलो. नावांच्या अधेमध्ये तो चिटुकला रोबो, तीन पॉइंट शून्य, पुन्हा डोकावला. काकांनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

"राव रे," ते म्हणाले, "फुडलो टीझर लागला."