दुबळ्यांची बोट : अमेरिकी पाणबुडीची पहिली सव्वाशे वर्षं

अमेरिकी नौदल दरवर्षी ११ एप्रिलला आपल्या पाणबुडी दलाचा वाढदिवस साजरा करतं. १९०० साली त्या दिवशी सरकारने दीड लाख डॉलर मोजून ‘हॉलंड’ ही बोट घेतली. तारीख बरोबर आहे, पण ती खरेदीची तारीख आहे. त्याआधी सव्वाशे वर्षं अमेरिकेत पाणबुड्या बांधल्या जात होत्या आणि बुडतही होत्या. त्या बांधणारे बहुतेक वेळा नौदलाबाहेरचे, किंबहुना कुठल्या तरी बलाढ्य नौदलाने गांजलेले लोक होते. ज्याच्याकडे जहाजांचा ताफा आहे, त्याला पाण्याखाली शिरायची गरजच काय?

ती गरज पहिल्यांदा पडली १७७५ साली, डेव्हिड बुशनेल या कनेक्टिकटच्या तरुणाला. येल कॉलेजातून तो नुकताच बाहेर पडत होता. वसाहतींनी बंड पुकारलं होतं आणि समुद्र इंग्रजांच्या ताब्यात होता. बुशनेलची ‘टर्टल’ म्हणजे ओकच्या लाकडाचं, डांबर चोपडलेलं, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेलं एक बंद पिंप, उभ्या अंड्यासारखं. आत एकच माणूस. तोच हाताने पंखा फिरवणार, तोच सुकाणू धरणार, तोच पायाने झडप दाबून तळात पाणी घेणार आणि वर यायचं झालं की तेच पाणी पंपाने उपसणार. हवा पुरायची जेमतेम अर्धा तास. मेणबत्ती लावावी तर ती हवा खाणार, म्हणून होकायंत्राच्या काट्याला चमकणाऱ्या बुरशीचं लाकूड लावलं होतं. पावसाळ्यात भीमाशंकरच्या रानात रात्री उजळणारा पालापाचोळा ज्यांनी पाहिलाय, त्यांना हा उजेड केवढा असेल याची कल्पना येईल. थंडीत ही बुरशी विझायची, तेव्हा दुसरा उपाय सुचवा म्हणून थेट बेंजामिन फ्रँकलिन यांच्याकडे विचारणा झाली होती.

सप्टेंबर १७७६ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात सार्जंट एझ्रा ली ही बोट घेऊन ‘ईगल’ या इंग्रजी युद्धनौकेखाली गेला. जहाजाच्या बुडात पेच रुतवायचा, त्याला बारुदाचं पिंप अडकवायचं आणि घड्याळाची कळ सुरू करून निसटायचं, असा बेत होता. पेच रुतलाच नाही. उजाडायला लागलं, पाठलाग होतोय असं दिसल्यावर ली याने पिंप सोडून दिलं आणि ते नदीत एकटंच फुटलं. इंग्रजांच्या कागदपत्रांत या हल्ल्याचा पत्ता नाही. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी पुढे जेफरसनना लिहिलं की, ही प्रतिभेचीच झेप होती, पण यश यायला फार गोष्टी एकदम जुळून याव्या लागत. मला वाटतं, पुढच्या शतकभरातल्या प्रत्येक पाणबुडीला हे वाक्य लागू पडलं.

रॉबर्ट फुल्टन हे नाव आपल्याला आगबोटीमुळे माहीत असतं. त्याने १८०० साली फ्रान्समध्ये ‘नॉटिलस’ पाणबुडी बांधून नेपोलियनला देऊ केली. तिथे डाळ शिजेना, तेव्हा तो सरळ इंग्रजांकडे गेला आणि १८०५ मध्ये पाणसुरुंगाने एक जहाज त्यांच्यादेखत उडवून दाखवलं. पंतप्रधान पिट खूश झाले. सेंट व्हिन्सेंट हे जुने दर्यावर्दी मात्र भडकले. समुद्र आपल्याच हातात असताना, जिच्यामुळे तो हातचा जाईल अशा युद्धपद्धतीला उत्तेजन देणारा पिट महामूर्ख आहे, असं ते म्हणाल्याचं सांगतात. मूर्ख कोण ते सोडा, पण हिशेब त्यांचा चोख होता.

हा हिशेब १८६१ मध्ये अमेरिकेतच मांडला गेला. उत्तरेची आणि फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं यांच्यात यादवी सुरू होताच उत्तरेच्या लिंकन सरकारने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. तिची झळ आणि ऊब दोन्ही मुंबईला ठाऊक आहेत. अमेरिकी कापूस अडकला, मुंबईच्या कापसाचे भाव कडाडले, बॅकबेत समुद्र बुजवायला निघालेल्या कंपनीच्या शेअरांचा फुगा फुगला आणि १८६५ मध्ये लढाई संपताच प्रेमचंद रायचंदांसकट भलेभले खाली आले. त्याच नाकेबंदीला भोक पाडायला दक्षिणेने आधी चिलखती जहाज काढलं. जळालेल्या ‘मेरिमॅक’च्या सांगाड्यावर लोखंड चढवून झालेल्या ‘व्हर्जिनिया’ने ८ मार्च १८६२ रोजी हॅम्प्टन रोड्समध्ये उत्तरेच्या दोन लाकडी युद्धनौका संपवल्या. दुसऱ्या दिवशी समोर आली जॉन एरिक्सन या स्वीडिश इंजिनिअरची ‘मॉनिटर’. पाण्याला टेकलेला सपाट डेक आणि त्यावर फिरता बुरूज, दोन तोफांचा. चारेक तास दोघी एकमेकींना ठोकत राहिल्या, गोळे आपटून उडत राहिले, निकाल लागलाच नाही. पाण्यावरून मारा करून चिलखत फुटत नाही हे त्या दिवशी दिसलं. मग उरलं काय? बूड.

दक्षिणेची ‘हनली’ ही पाणबुडी आज बघताना माणसाची छाती दडपते. मोबाइल शहरात बांधलेली, सुमारे १२ मीटर लांबीची लोखंडी नळी, आत वाकूनच बसावं लागेल एवढी. सात जण बाकावर बसून एकच लांब दांडा हाताने फिरवणार, आठवा पुढे सुकाणूला. ऑगस्ट १८६३ मध्ये ती चार्ल्स्टन या दक्षिणेच्या बंदरात आली आणि त्याच महिन्यात झाकणं उघडी असताना बुडाली. पाच मेले. वर काढली. ऑक्टोबरमध्ये सरावात पुन्हा बुडाली. आठही मेले, त्यात ज्याच्या नावावर ती होती तो होरेस हनलीही. पुन्हा वर काढली आणि पुन्हा माणसं मिळाली! १७ फेब्रुवारी १८६४ च्या रात्री लेफ्टनंट जॉर्ज डिक्सनच्या हाताखाली ती ‘हाउसाटॉनिक’ या उत्तरेच्या लाकडी युद्धनौकेला भिडली. नाकाला लावलेल्या लांब दांड्याच्या टोकाशी ६० किलोच्या आसपास बारूद होतं. जहाज काही मिनिटांत तळाला गेलं, त्यावरचे पाच जण दगावले. पाणबुडीने शत्रूचं लढाऊ जहाज बुडवण्याची जगातली ही पहिली वेळ. ‘हनली’ परतलीच नाही. २००० साली ती समुद्रातून उचलली, तेव्हा आठही सांगाडे बहुतेक आपापल्या जागेवरच सापडले. झाकणाकडे झुंबड उडाल्याची खूण नव्हती. हिशेब करा : शत्रूचे पाच, आपले एकवीस.

उत्तरेनेही ‘अ‍ॅलिगेटर’ नावाची पाणबुडी घेतली होती. ती कामगिरीवर ओढून नेताना १८६३ मध्ये केप हॅटरसजवळच्या वादळात गेली.

आता शेवटचा दुबळा. जॉन हॉलंड, आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातला शाळामास्तर, चष्मिस, १८७३ मध्ये अमेरिकेला आलेला. त्याने १८७५ मध्ये नौदलाला आराखडा पाठवला, तो नाकारला गेला. पैसा दिला तो फेनियनांनी, म्हणजे इंग्रजांना आयर्लंडमधून हुसकावायला निघालेल्या परागंदा आयरिश क्रांतिकारकांनी. १८८१ मध्ये ‘फेनियन रॅम’ तयार झाली. पुढे पैशांवरून आपसात जुंपली आणि १८८३ मध्ये एका रात्री फेनियनांनीच ती पळवली. पळवली खरी, पण चालवता कुणालाच येईना. हॉलंडने त्यांच्याशी संबंधच तोडला.

नौदलाचं कंत्राट अखेर १८९५ मध्ये मिळालं, पण त्यात अधिकाऱ्यांनी आपल्या अटी कोंबल्या. वाफेच्या इंजिनाने या कंत्राटातल्या ‘प्लंजर’ पाणबुडीच्या पोटात भट्टी पेटली, आत माणूस थांबेना. वैतागून हॉलंड आणि त्याच्या कंपनीने स्वतःच्या पैशाने दुसरी बोट बांधली, तीच ‘हॉलंड’. पाण्यावर पेट्रोल इंजिन, पाण्याखाली बॅटरी आणि विजेची मोटर. दगडासारखं बुडायचं नाही, तर मासा सूर मारतो तसं नाक खाली करून जायचं. मे १८९७ मध्ये ती पाण्यात उतरली. मनिलाचा विजेता अ‍ॅडमिरल ड्यूई हिने इतका प्रभावित झाला की, स्पॅनिशांकडे अशा दोन असत्या तर मनिला मला राखता आलं नसतं, असं त्याने काँग्रेसच्या समितीपुढे सांगितलं. सौदा १९०० मध्येच झाला.

इंग्लंडनेही वेळ दवडला नाही. ज्यांची जहाजं बुडवायची म्हणून फेनियनांनी पैसे ओतले होते, त्यांनी याच आराखड्याचे हक्क घेऊन १९०१ मध्ये आपली पहिली पाणबुडी पाण्यात सोडली. नावही तेच, ‘हॉलंड १’. हॉलंड स्वतः मात्र १९०४ मध्ये आपल्याच कंपनीतून बाहेर पडला. पेटंटं कंपनीकडे राहिली. दीड लाखांची ‘हॉलंड’ १९१३ मध्ये शंभर डॉलरला भंगारात गेली. तिचा कर्ता १२ ऑगस्ट १९१४ रोजी न्यू जर्सीत वारला. सहाच आठवड्यांनी, २२ सप्टेंबरला, ‘यू-९’ या एकट्या जर्मन पाणबुडीने उत्तर समुद्रात इंग्रजांच्या तीन क्रूझर दीडेक तासात बुडवल्या.